ग्रंथालयाची तंत्रज्ञान-योजना आणि गटाने शिकणे : स्वागताध्यक्षीय भाषण



स्वागत समितीच्या वतीने यवतमाळ नगरीत सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. ग्रंथांचा सन्मान या गावाला नवा नाही. 1973 साली ग. दि. माडगूळकर यांच्या आणि जानेवारी 2019 मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे भरले, त्याआधी य. खु. देशपांडे यांच्यासारख्या संशोधकाने येथेच महानुभाव वाङ्मयाचा अभ्यास केला. मात्र संमेलनात मिरवलेला ग्रंथ पुढे वर्षानुवर्षे सांभाळणारा, त्याची नोंद ठेवणारा आणि मागेल त्याच्या हाती तो देणारा वर्ग विचारविनिमयासाठी एकत्र बसण्याचे प्रसंग विरळाच, म्हणून या परिषदेचे समितीला विशेष अगत्य आहे.

परिषदेचा विषय आहे गटप्रकल्पातून ग्रंथालयीन तंत्रज्ञान-नियोजनाचे शिक्षण. तंत्रज्ञान-नियोजन म्हणजे ग्रंथालयाने येत्या तीन ते पाच वर्षांत कोणती सेवा, कोणत्या साधनाने, कोणाच्या हातून आणि कोणत्या पैशातून द्यावयाची याचा लेखी आराखडा होय. व्यवहारात मात्र त्याची जागा बहुधा खरेदीची यादी घेते, आणि संगणक आल्यानंतर त्यावर काय करावयाचे याचा विचार सुरू होतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, 1967 अन्वये मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे ‘अ’ ते ‘ड’ असे वर्ग आहेत आणि अनुदान त्या वर्गावर अवलंबून असते. ‘ड’ वर्गाच्या गावच्या वाचनालयात ग्रंथपाल, लिपिक आणि शिपाई ही तिन्ही कामे पुष्कळदा एकच व्यक्ती करते, हे ज्या आराखड्यात धरलेले नाही तो कितीही देखणा असला तरी कपाटातच राहणार.

असा आराखडा करण्याची कला एकट्याने पाठ्यपुस्तकातून का साधत नाही, याचे उत्तर कामाच्या स्वरूपातच आहे. चार-पाच विद्यार्थ्यांचा गट एका खऱ्या वाचनालयात गेला, एकाने दाखल नोंदवही प्रत्यक्ष कपाटाशी ताडून पाहिली, दुसरा देवघेवीच्या खिडकीपाशी बसला, तिसऱ्याने वीज किती वेळ जाते याची नोंद ठेवली आणि चौथ्याने कार्यकारी मंडळाचा जमाखर्च वाचला, की चौघांच्या निष्कर्षांत मेळ बसत नाही. आणि नियोजनाचे शिक्षण त्या विसंवादापासून सुरू होते. नोंदवहीतला ग्रंथ कपाटात नसतो, कपाटातला नोंदवहीत नसतो; अशा वेळी आधी ग्रंथमोजणी की आधी संगणकीकरण, हा वाद गटाला आपसांत मिटवावा लागतो, आणि पुढे मंडळासमोर मांडावयाचा युक्तिवाद त्यातूनच तयार होतो.

मराठी नोंदींचा प्रश्न तर स्वतंत्र सत्राचा आहे. ‘वऱ्हाड’ हा या भागाचा शब्द युनिकोड या सर्वभाषी संकेतप्रणालीत दोन प्रकारे साठवता येतो : एकदा नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरून आणि एकदा साध्या ‘र’ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात, परंतु दोन्हींना एक मानण्याची सोय प्रणालीत केलेली नसेल तर शोधताना अर्धे ग्रंथ हाती लागत नाहीत. संकेतांच्या जोडीला नावांचाही घोळ असतो. वणी येथे जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यांच्या ‘श्रीतिलकयशोऽर्णव’ या संस्कृत काव्याला 1973 चे साहित्य अकादमी पारितोषिक मरणोत्तर मिळाले. तो ग्रंथ ‘अणे, माधव श्रीहरी’ या शीर्षकाखाली आणि त्यांच्याविषयीची पुस्तके ‘बापूजी अणे’ या विषयनामाखाली राहिली, तर तालिकेत एकाच व्यक्तीच्या दोन व्यक्ती होतात. एका व्यक्तीचे एकच प्रमाण नाव ठरवून बाकीची रूपे त्याकडे वळविण्याच्या या कामाला नामनियंत्रण म्हणतात. ते कोणतेही यंत्र आपण होऊन करून देत नाही. त्यासाठी नियम लिहावे लागतात, आणि नोंदी करणारे हात अनेक असतील तर ते नियम सर्वांना मान्य असावे लागतात. एकट्या विद्यार्थ्याला या नियमांची गरजच भासत नाही, गटाला दुसऱ्याच दिवशी भासते.

प्रणालीची निवड त्या मानाने सोपी आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ‘ई-ग्रंथालय’, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘सोल’ आणि मुक्त स्रोताचे, म्हणजे ज्याची मूळ आज्ञावली कोणालाही पाहता व बदलता येते असे, ‘कोहा’ हे पर्याय सर्वांच्या परिचयाचे आहेत. ‘कोहा’चा जन्म न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातील छोट्या ग्रंथालय-न्यासासाठी झाला; जुनी प्रणाली 2000 सालाच्या तारखा पेलणार नव्हती, म्हणून न्यासाने नवी करवून घेतली, जानेवारी 2000 मध्ये वापरात आणली आणि जगाला विनामूल्य खुली केली. लहान ग्रंथालयांनी मोठ्यांच्या मागून चालावे असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात घ्यावे. प्रणाली कोणतीही असो, तिच्यातून आपल्या नोंदी मार्क 21 या, प्रत्येक तपशिलाला ठरावीक खूण देणाऱ्या, आंतरराष्ट्रीय साच्यात बाहेर काढता येतात का, हा प्रश्न प्रणाली घेण्यापूर्वीच विचारावयाचा असतो, आणि तो क्वचितच विचारला जातो.

गटप्रकल्पावरचा आक्षेप जुना आहे आणि खोटाही नाही : एक जण राबतो, बाकीचे सही करतात. यावर समितीची सूचना अशी की प्रत्येक सदस्याने गटाच्या आराखड्यासोबत आपले स्वतंत्र भिन्नमत-टिपण जोडावे, त्यात कोणता निर्णय त्याला पटला नाही व का, हे लिहावे, आणि गुण देताना त्या टिपणाला आराखड्याइतकेच वजन असावे. ज्याने काम केले नाही त्याला मतभेदही लिहिता येत नाही. ज्या वाचनालयाचा आराखडा झाला त्याच्या कार्यकारी मंडळालाही परीक्षणात स्थान द्यावे. अन्यथा प्रकल्प महाविद्यालयाच्या दप्तरात जमा होतो आणि वाचनालयाच्या हाती काही लागत नाही.

जिल्ह्यात मराठीबरोबर गोंडी, कोलामी, बंजारा आणि उर्दू बोलणारे वाचक आहेत. दुपारच्या सत्रात त्यांच्यासाठीच्या नोंदी कोणत्या लिपीत कराव्यात यावर मतभेद होतील अशी अपेक्षा आहे, आणि त्यासाठी त्या सत्राचा वेळ मुद्दाम वाढवून ठेवला आहे. उद्घाटकांनी परिषदेचे उद्घाटन करावे, अशी त्यांना समितीची विनंती आहे.