प्रश्न कोण विचारतो?



पाहणी हा शब्द आता घरोघर पोचला आहे. हातात फॉर्म घेतलेला माणूस दारात उभा राहतो, दहावीस प्रश्न विचारतो आणि निघून जातो. पुढे त्या उत्तरांचे आकडे होतात, आकड्यांचा अहवाल होतो, आणि अहवालावरून आपल्या पगारातले रुपये ठरतात. या साखळीची पहिली कडी म्हणजे एका माणसाने दुसऱ्याला दिलेले उत्तर. ती कडी किती पक्की आहे, एवढाच आमचा आजचा विषय. संख्याशास्त्र आम्ही कॉलेजात शिकलेलो नाही. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत, गेटावर आणि कामगारांच्या खोल्यांतून प्रश्न विचारता विचारता जे उमगले, आणि त्याच्या जोडीला जी चार पुस्तके वाचली, तेवढेच आमचे भांडवल.

कंत्राटी कामगाराला सुपरवायझरच्या समक्ष विचारावे, ‘हातमोजे मिळतात का?’ तो म्हणतो, ‘मिळतात, साहेब.’ पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर त्यालाच आम्ही विचारतो. तो म्हणतो, ‘भाऊ, कधीच मिळत नाहीत.’ यातले खरे कोणते? टपरीवरचे, असे आपण चटकन म्हणाल. आम्ही म्हणणार नाही. पहिल्या वेळी त्याला नोकरी सांभाळावयाची होती, दुसऱ्या वेळी युनियनच्या माणसाचे मन राखावयाचे होते. मोजे वर्षातून दोनदा मिळतही असतील! तेव्हा ‘कधीच नाही’ हे उत्तर आमच्या सोयीचे म्हणून पत्रकात छापण्यापूर्वी स्टोअरची नोंदवही पाहावी, असा आमचा प्रघात आहे. त्याबद्दल आमचेच तरुण कार्यकर्ते आमच्यावर नाराज असतात, असोत.

अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात वीस हजारांवर कामगारांच्या मुलाखती झाल्या. आरंभी प्रश्न ठराविक होते, आणि उत्तरेही जपून दिलेली येत. मग मुलाखत घेणाऱ्यांनी प्रश्नांची यादी बाजूला ठेवून कामगाराला हवे ते बोलू दिले, तेव्हा तो मोकळा होऊ लागला. अर्थात ऐकणारा माणूस कंपनीचाच होता, हेही ध्यानात ठेवावे.

भीती नसली तरीही उत्तर वाकते. सिन्नरकडे विड्या वळणाऱ्या बाईला विचारा, ‘काय काम करता?’ ‘काही नाही, घरीच असते,’ असे ती सहज म्हणून जाईल, आणि पुढ्यात तेंदूच्या पानांचे सूप असेल. ती खोटे बोलत नाही. काम म्हणजे बाहेर जाऊन करावयाचे ते, हा अर्थ तिला आपणच शिकविला आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीने १९७७-७८ च्या फेरीत ‘घरकाम करते’ म्हणणाऱ्या स्त्रियांना आणखी खोदून प्रश्न विचारले, ते याचसाठी.

आता लज्जेचा भाग. मुंबईच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ साली कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची मोठी चौकशी केली. १९२३ च्या तिच्या अहवालात ४७ टक्के कुटुंबे कर्जात असल्याचे नमूद आहे. चाळीच्या खोलीत, शेजारीपाजारी कान देऊन उभे असताना, ‘माझ्यावर कर्ज आहे’ म्हणणे सोपे नव्हे. म्हणून खरा आकडा ४७ च्या खाली असेल असे आम्हांस वाटत नाही. वर असण्याचा संभव पुष्कळ.

असल्या चौकशांवरच महागाईचा निर्देशांक उभा असतो, आणि निर्देशांकावर आपला महागाई भत्ता. नाशिक हे औद्योगिक कामगारांच्या या निर्देशांकाचे एक केंद्र आहे. कुटुंबांनी सांगितलेल्या खर्चावरून कोणत्या वस्तूला किती वजन द्यावयाचे ते ठरते. २००१ च्या मालिकेत देशभरचे अन्नाचे वजन शंभरात ४६.२० होते, २०१६ च्या मालिकेत ते ३९.१७ झाले. पान, सुपारी, तंबाखू आणि मादक पदार्थ मिळून २००१ ला २.२७, २०१६ ला २.०७. म्हणजे शंभर रुपयांत दोन रुपये सात पैसे! पगाराच्या रात्री सातपूरमधून ज्याने फेरफटका मारला आहे, त्याने या आकड्यावर विचार करावा. ही सरासरी आहे, तीत न पिणारी घरेही येतात, हे आम्हांस मान्य आहे. पण बायको शेजारी बसलेली असताना नवरा बाटलीचा खर्च किती सांगेल? आणि जो खर्च सांगितला नाही, त्याचे वजन कमी धरले जाते. त्याची किंमत वाढली तर भत्त्यात तितकी उमटत नाही. दारूची तरफदारी आम्ही करीत नाही. उधारीचे, भाड्याचे, शिकवणीच्या फीचे आकडे लपले तरी हेच होते. १९६३ साली निर्देशांकाच्या चुकांवरून मुंबईचे कामगार रस्त्यावर उतरले, आणि लकडावाला समितीच्या चौकशीनंतर तो दुरुस्त करावा लागला. वरच्या हिशेबातली चूक चळवळीने पकडता येते. दारातच चुकलेले उत्तर मात्र कोणत्याही समितीला सापडणार नाही.

उपाय? वॉर्नर या संशोधकाने १९६५ साली एक युक्ती मांडली. तिचे सोपे रूप असे. ‘पगार संपल्यावर मोबाइलवरून कर्ज काढता का?’ हा प्रश्न शंभर जणांना विचारावयाचा आहे. प्रत्येकाने नाणे उडवावे, कोणास दाखवू नये. छाप पडला तर खरे काहीही असो, ‘हो’ म्हणावे. काटा पडला तर खरे सांगावे. समजा, ७० जण ‘हो’ म्हणाले. त्यांतले सुमारे ५० नुसत्या छापाचे. उरलेले २० हे काटा पडलेल्या ५० जणांपैकी. म्हणजे शंभरात सुमारे ४० जण कर्ज काढतात. अमुक एकाने काढले की नाही, हे युनियनलाही कळत नाही आणि मालकालाही नाही.

यातही अडचणी आहेत. पंधरावीस माणसांच्या खात्यात हा हिशेब जमत नाही, कारण नाणे तेवढ्या थोड्या वेळांत बरोबर निम्मे पडेलच असे नाही. दुसरे, नाण्यावर विश्वास बसावा लागतो. छाप पडूनही ‘हो’ म्हणावयास लाजणारी माणसे असतात, आणि तशी पुष्कळ निघाली तर उत्तर पुन्हा खालीच येते. आजच्या सभेत शंभराहून अधिक मंडळी आहेत आणि प्रत्येकाच्या खिशात एखादा रुपया असेलच. चर्चेच्या वेळी अध्यक्षांची परवानगी असेल तर करून पाहू. प्रश्न कोणता विचारावयाचा, तो मात्र आपण ठरवा.