गुण कशाला द्यायचे?



  

‘व्हिडिओ गेम आणि पर्यावरण’ या विषयाची परिषद आमच्या उमरेडला कशाला, असे काहींनी विचारले. त्याचे उत्तर इथल्याच जंगलात आहे. 2024 सरता सरता उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्सींनी एफ-2 वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या जिप्सींतल्या लोकांना वाघ आवडत नव्हता, असे थोडेच आहे? जितका जवळून फोटो तितके गुण जास्त, एवढाच हिशेब. गेमही असेच वळण लावतो. तो ज्याला गुण देतो, ते आपण करत सुटतो.

आमच्या पोरांच्या ‘फ्री फायर’ या गेममध्येही झाडेझुडपे आहेतच की! पण झाड म्हणजे गोळी चुकवायचा आडोसा आणि गवत म्हणजे लपायची जागा. ‘रेड डेड रिडेम्प्शन 2’ तर बंदुकीचा, शिकारीचा खेळ. तरी तो खेळलेल्यांना खऱ्या प्राण्यांच्या 15 छायाचित्रांपैकी इतरांपेक्षा सरासरी तीन जास्त ओळखता आली, असे 2021 मधल्या एका अभ्यासात दिसले. ओळख झाली, चांगले झाले. पण ओळखीमागून माया येतेच, असे मी मानत नाही. नागझिऱ्याहून चालत आलेल्या जय वाघाला आम्ही नावानिशी ओळखत होतो. तरी 2016 च्या एप्रिलपासून तो दिसलेला नाही.

मला भावला तो 2023 चा ‘टेरा निल’ हा गेम. दक्षिण आफ्रिकेतल्या मंडळींनी केलेला. ओसाड जमिनीवर पाणी आणायचे, हिरवळ आणायची, प्राणी परत आणायचे. आणि शेवटी आपणच उभारलेली सगळी यंत्रे मोडून, गोळा करून निघून जायचे. तेव्हा कुठे डाव पुरा होतो. कोळसा खाणीतून निघालेल्या मातीचे डोंगर रोज पाहणाऱ्या आमच्या गावाला हा शेवटचा टप्पा समजावून सांगावा लागत नाही.

गेम बनवणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे, कऱ्हांडल्याचा एक गेम मराठीत करा. वाघीण दिसताच गाडी मागे घेणाऱ्याला गुण द्या, वाट अडवणाऱ्याचा डाव तिथेच संपवा. आणि पहिल्यांदा तो आमच्या जिप्सीचालकांना आणि गाइडना खेळायला द्या. त्यातल्या चुका तेच काढतील.