घाटाआधीची परीक्षा

लोंढ्याहून गोव्याकडे निघालेली आगगाडी कॅसलरॉकच्या स्थानकात येऊन थांबते आणि बराच वेळ हलत नाही. नवखा प्रवासी खिडकीबाहेर डोकावतो, घड्याळाकडे पाहतो, शेजाऱ्यास कारण विचारतो. बाहेर सह्याद्रीचे दाट रान असते. पावसाळा असेल, तर धुक्यात फलाटाचे दुसरे टोकही दिसत नाही. ह्या मार्गाने नित्य ये-जा करणारा प्रवासी मात्र शांत असतो. गाडी उगाच थांबलेली नाही, तिचे ब्रेक तपासले जात आहेत, हे तो जाणतो. पुढे घाट आहे.

हा घाट साधा नव्हे. पोर्तुगीज व इंग्रज ह्या दोन सत्तांच्या करारातून मुरगावच्या बंदरास देशावरील मुलुखाशी जोडणारा हा लोहमार्ग 1888 साली पूर्ण झाला. पुढे 1990 नंतरच्या दशकात त्याचे अरुंद रूळ जाऊन रुंद रूळ आले, सीमेवरची जकात तर 1961 साली गोवा मुक्त झाल्यावरच संपली. पण डोंगर होता तेथेच राहिला. कॅसलरॉकपासून कुळेपर्यंतच्या सुमारे 26 किलोमीटरांत उतार 37 फुटांस एक फूट इतका तीव्र आहे. आगगाडीच्या हिशेबात ही उतरंड भयंकर समजली जाते. म्हणून येथे चढावर मागून रेटण्यासाठी आणि उतारावर गाडी आवरण्यासाठी जादा इंजिने जोडतात आणि उतरणीला लागण्यापूर्वी ब्रेकची परीक्षा घेतात. कोणी मोठा अधिकारी घाईत आहे, म्हणून ती परीक्षा टळत नाही.

ह्या परीक्षेतली एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. रेल्वेत गाडीचे ब्रेक तपासून तसा दाखला लिहून देणारा कर्मचारी वेगळा असतो आणि गाडी हाकणारा वेगळा. गाडी वेळेवर सुटली वा उशिरा सुटली, म्हणून तपासनिसाच्या पदरात काही जास्त पडत नाही वा कमी होत नाही. त्याच्या शब्दावर शेकडो माणसे निर्धास्तपणे डोळे मिटून घाट उतरतात, ते ह्याच कारणाने.

आता ह्याच कॅसलरॉकच्या एखाद्या जीपवाल्याचा विचार करावा. त्यालाही घाट चुकलेला नाही. लोंढा, रामनगर, जोयडा अशी त्याची नित्याची वाट. गोव्याचे भाडे मिळाले, तर अनमोडच्या घाटातून मोलेकडे उतरावे लागते. त्याच्या गाडीत शाळेची मुले असतात, बाजाराला निघालेल्या बायका असतात, कधी दवाखान्यात न्यावयाचा रोगी असतो. त्याच्यासाठी मात्र घाटमाथ्यावर कोणी तपासनीस उभा नाही. त्याची परीक्षा कायद्याने ठरवून दिलेल्या मुदतीने होते. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे भाड्याने चालणाऱ्या वाहनाजवळ योग्यतेचा दाखला नसेल, तर त्याची नोंदणीच ग्राह्य धरली जात नाही. वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत हा दाखला दोन वर्षांचा मिळतो, त्यानंतर तो दरसाल घ्यावा लागतो. खाजगी मोटारीस पहिली पंधरा वर्षे ही दगदग नाही. पुढे नोंदणी वाढवून घेताना तिलाही परीक्षा द्यावी लागते. जोयडा तालुक्यातील वाहनमालकाची ह्या कामी फेरी होते ती दांडेलीच्या परिवहन कार्यालयाकडे.

बोलीभाषेत ह्या सगळ्या प्रकरणास ‘पासिंग’ म्हणतात आणि ह्या शब्दानेच थोडा घोटाळा केला आहे. पास होणे हेच जणू उद्दिष्ट, अशी समजूत त्याने रुजविली. मग वाहनमालक गॅरेजच्या दारात उभा राहून विचारतो, ‘मिस्त्री, पासिंगचे किती घ्याल?’ वस्तुतः त्याने विचारावयास हवे होते, ‘मिस्त्री, गाडीत काय बिघडले आहे?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणीही देऊ शकतो. दुसऱ्याचे उत्तर गाडीखाली शिरल्यावाचून देता येत नाही.

गॅरेजची पारख येथूनच सुरू होते. गाडी न पाहता, चाक न उतरविता जो ठोक आकडा सांगतो आणि ‘दाखला मिळवून देण्याचे माझ्याकडे लागले’ असे आश्वासन देतो, तो दुरुस्ती विकत नसून कागद विकत आहे, असे समजावे. परीक्षेच्या दिवसापुरते उसने टायर चढवावयाचे आणि परतल्यावर जुने गुळगुळीत टायर पुन्हा घालावयाचे, ही युक्ती काही नवी नाही. तिने निरीक्षकाची फसवणूक होते, असे म्हणतात. खरे पाहता निरीक्षक संध्याकाळी आपल्या घरी जातो आणि ते गुळगुळीत टायर घेऊन ओल्या घाटात उतरतो तो मालकच.

चांगल्या मिस्त्रीची लक्षणे फार गूढ नाहीत. तो आधी गाडी स्वतः थोडी चालवून पाहतो, चालविणाऱ्यास चार प्रश्न विचारतो : ब्रेक दाबताना गाडी एका बाजूस ओढते काय, पायाखाली पेडल मऊ लागते काय, स्टीअरिंग किती ढिले आहे, उतारावर कसला वास येतो काय. नंतर चाके उतरवून तो दोष दाखवितो आणि कामांची यादी करतो. त्या यादीत ताबडतोब करावयाची कामे वेगळी आणि सवडीने चालतील अशी वेगळी असतात. सगळीच कामे तातडीची आहेत असे सांगणारा आणि एकही काम तातडीचे नाही असे सांगणारा, हे दोघेही सारखेच संशयास्पद होत. काढलेला जुना भाग तो मालकाच्या हाती देतो, नव्या भागाची पावती देतो, आणि यादीबाहेरचे काही निघाले, तर हात घालण्यापूर्वी विचारतो. काम संपल्यावर पुन्हा एकदा गाडी चालवून पाहिल्याशिवाय ती ताब्यात देत नाही. आणि एखादे काम आपल्या आवाक्यातले नसेल, तर ‘हे बेळगावला दाखवा’ असे सांगण्यात त्याला कमीपणा वाटत नाही. असा नकार हे तर विश्वासाचे सर्वांत मोठे प्रमाणपत्र होय.

जागेकडेही नजर टाकावी. नुसत्या जॅकवर वा विटांच्या चवडीवर तोललेल्या गाडीखाली जो कामगाराला घालतो, त्याला स्वतःच्या माणसाच्या जिवाची किंमत नाही. गिऱ्हाइकाच्या जिवाची ती कोठून असणार? जमीन तेलकट असली तरी हरकत नाही. पण ब्रेकच्या लायनरला तेलाचा हात लागता कामा नये, इतके ज्याला कळते, तो मिस्त्री कामाचा.

मालकाचेही काही कर्तव्य आहे. गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी घरच्या अंगणात अर्धा तास खर्च केला, तर पुष्कळ गोष्टी उमगतात. दिवे, वळणाचे इशारे, मागचा तांबडा दिवा, भोंगा, काचेवरचे वायपर, आसनाचे पट्टे, हातब्रेक, नंबराची पाटी हे सर्व पाहावयास कोणी पंडित लागत नाही. टायरच्या नक्षीची खोली चारचाकीला 1.6 मिलिमीटरहून कमी चालत नाही. त्या खाचांमध्ये कंपनीनेच लहान उंचवटे ठेवलेले असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीस आली की टायर संपला, असे जाणावे. ज्याने एवढे स्वतः पाहिले, त्याला गॅरेजवाला सहसा भुलवीत नाही.

घाटात राहणाऱ्याने सर्वांत अधिक जपावे ते ब्रेकला. लांब उतारावर पाय सतत ब्रेकवर राहिला की ड्रम तापतो, लायनरची पकड सुटू लागते. ब्रेकच्या तेलाचा एक दुर्गुण असा की, ते हवेतील ओलावा शोषून घेते. पाऊसकाळात चार महिने न्हाऊन निघणाऱ्या ह्या मुलुखात त्याला ओलाव्याची काय वाण? असे जुने तेल उष्णतेने उकळते, नळीत बुडबुडे होतात, पेडल थेट खाली जाते आणि गाडी मात्र थांबत नाही. सपाट रस्त्यावर घेतलेल्या चाचणीत हा दोष दिसेलच असे नाही. म्हणूनच ‘तेल केव्हा बदलले होते?’ हा प्रश्न जो मिस्त्री आपण होऊन विचारतो, त्याचे गॅरेज चार कोस लांब असले तरी ते जवळचे समजावे. उतारावर गिअर खाली ठेवून इंजिनाकडून गाडी रोखून धरण्याची सवय चालकाने लावून घ्यावी, हे निराळे सांगावयास नको.

परीक्षक आणि दुरुस्त करणारा ह्यांच्यामधील अंतराचा प्रश्न इतर देशांनाही पडला आहे. ब्रिटनमध्ये 1960 साली जुन्या मोटारींची सक्तीची तपासणी सुरू झाली. आरंभी ती दहा वर्षांच्या गाड्यांपुरती होती. 1967 पासून ती तीन वर्षांच्या गाड्यांना लागू झाली. तेथे परवाना मिळालेली गॅरेजेच ही तपासणी करतात आणि दोष निघाल्यास दुरुस्तीही करू शकतात. साहजिकच, नसलेला दोष काढला तर नाही ना, अशी शंका गिऱ्हाइकास येते. म्हणून जेथे केवळ तपासणी होते, दुरुस्ती होत नाही, अशी नगरपालिकांची केंद्रे तेथील जाणते लोक शोधून काढतात. आपल्याकडे 2021 साली केंद्र शासनाने यंत्रांनी तपासणी करणाऱ्या केंद्रांचे नियम केले. त्यांतही केंद्र चालविणाऱ्याने वाहनांच्या दुरुस्तीचा वा विक्रीचा धंदा करू नये, असे बंधन घातले आहे. ज्याच्या हाती तराजू, त्याने माल विकू नये, हे त्यामागील तत्त्व होय.

लहान गावात असा वेगळा परीक्षक प्रत्येक वेळी कोठून आणावा? त्यालाही उपाय आहे. मोठा खर्च निघाला, तर यादी घेऊन दुसऱ्या मिस्त्रीचे मत घ्यावे. त्याच घाटातून वर्षानुवर्षे गाडी हाकणाऱ्या जुन्या चालकास विचारावे. ‘स्वस्त कोण’ असे न विचारता ‘परत जावे लागले नाही असा कोण’ असे विचारावे. आणि मुदत संपण्यापूर्वी महिनाभर आधी कामाला लागावे. शेवटच्या दिवशी धावत आलेल्या गिऱ्हाइकास निवड उरत नाही. त्याला केवळ दलाल दिसतो.

शेवटी दाखला म्हणजे तरी काय? ज्या दिवशी गाडी तपासली, त्या दिवशी ती ठीक होती, एवढेच तो सांगतो. पुढच्या वर्षभराची हमी तो देत नाही. ती मिस्त्रीच्या हातात आणि मालकाच्या दक्षतेत असते. कॅसलरॉकच्या फलाटावर थांबलेल्या गाडीला कालच्या प्रवासात ब्रेक चांगले लागले होते, म्हणून कोणी आज तसेच सोडून देत नाही. ज्या जीपमधून त्याच गावची मुले शाळेला जातात, तिच्या मालकाने ह्या थांबण्याचा अर्थ ओळखला, तर गॅरेज निवडताना त्याची सहसा चूक होणार नाही. तपासणीत गेलेला वेळ घाटात भरून काढता येत नाही हे खरे. पण तपासणीत वाचविलेला वेळ घाट व्याजासकट वसूल करतो, हेही तितकेच खरे.