ताफा आणि किनारा
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी नौदलातून निवृत्त झालो, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे लिफ्टमध्ये हमखास एक प्रश्न येतो, "काका, तुमचे साहेब नक्की कोण असायचे?" आज माईक हातात आहे, तर उत्तर देऊन टाकतो.

नौदलप्रमुख दिल्लीत असतात. त्यांच्या हाताखाली नौदलाच्या तीन कमांड. पश्चिमेचं मुख्यालय आपल्या मुंबईत, पूर्वेचं विशाखापट्टणमला, दक्षिणेचं कोचीला. प्रत्येकीवर एक व्हाइस ॲडमिरल. पश्चिम आणि पूर्व या लढाऊ, दक्षिणेकडे प्रशिक्षण. म्हणूनच लोणावळ्याची 'आयएनएस शिवाजी' ही इंजिनीअरिंगची शाळा महाराष्ट्रात असूनही कोचीच्या अखत्यारीत येते! अंदमान-निकोबार कमांड २००१ साली झाली, पण ती तिन्ही दलांची मिळून आहे.

आता मुंबईचं बघा. मोठ्या लढाऊ जहाजांचा पश्चिम ताफा एका रिअर ॲडमिरलच्या हाती. जहाज कुठे जाणार, सराव कोणता, हे तिकडून ठरतं. दुरुस्ती मात्र नौदल गोदीत, आणि गोदीचे प्रमुखही रिअर ॲडमिरलच. दोघं बरोबरीचे, कुणी कुणाला हुकूम सोडायचा नाही. ताफा म्हणाला, जहाज उद्या हवं, आणि गोदी म्हणाली, इंजिन तयार नाही, तर? मग वरचे व्हाइस ॲडमिरल ठरवणार. दोघांचे साहेब एकच, म्हणून भांडण तिथे मिटतं.

याशिवाय क्वार्टर्स, दवाखाना, शाळा, रेशन ही सगळी किनाऱ्यावरची यंत्रणा. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं 'आयएनएस आंग्रे' हे जहाज नव्हे बरं का, तो मुंबईतला किनाऱ्यावरचा तळ आहे.

या यंत्रणेची किंमत मला एकदा नीट कळली. आमचं जहाज बाहेर होतं आणि धाकटीला टायफॉइड झाला. तेव्हा मोबाइल नव्हते. सौभाग्यवती एकटी, पदरात दोन मुलं. तळावरच्या माणसांनी गाडी आणली, मुलीला कुलाब्याच्या 'अश्विनी' रुग्णालयात भरती केलं, थोरल्याला शेजारणीने ठेवून घेतलं. मला निरोप मिळाला तो ताप उतरल्याचाच. त्या आठवड्यात इंजिनरूममध्ये माझे हात थरथरले नाहीत, याचं श्रेय किनाऱ्यावरच्या माणसांना. त्यांना कुणी पदक देत नाही.

आपल्या सोसायटीतही पंचवीस वर्षं पहाटे पंप चालू होतोय, हिशेब लिहिले जातायत, गेटवर माणूस जागा आहे. हा आपला किनारा. पण कमिटीसाठी नावं मागितली की सगळे मोबाइलमध्ये बघतात! पुढच्या सर्वसाधारण सभेत तरुण मुला-मुलींनी नावं द्यावीत, एवढीच विनंती. हिशेब शिकवायला मी आहेच. संध्याकाळी सहानंतर या, चहा आमच्याकडे.

जय हिंद, जय महाराष्ट्र!