विजेच्या तारा : पैसा कोणाचा, मालकी कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



छत्रपती संभाजीनगरला पाणी हवे असेल, तर आधी वीज हवी. कारण पैठणच्या नाथसागरातील पाणी पंपांनी उचलूनच शहरापर्यंत आणावे लागते. वाळूजचे कारखाने आहेत. शेंद्रा-बिडकीन येथे सुमारे दहा हजार एकरांवर नवे औद्योगिक नगर उभे राहत आहे. तेव्हा उच्चदाब वाहिन्या आणि उपकेंद्रे वाढवावी लागणार, याविषयी दुमत नाही. वाद आहे तो पैशाचा. ‘शासनाजवळ पैसा नाही, म्हणून खासगी भांडवलाला वाट करून द्या,’ असे आपल्याला वारंवार ऐकवले जाते. हा युक्तिवाद आज तपासून पाहू.

वाहिनीचा पैसा अखेर देतो कोण? सर्वसाधारण पद्धत अशी की, खर्चाचा ७० टक्के भाग कर्जातून आणि ३० टक्के भागभांडवलातून उभा राहतो. कर्जावरील व्याज, घसारा, देखभालीचा खर्च आणि भागभांडवलावरील परतावा या रकमा वीज नियामक आयोग मान्य करतो व त्या ग्राहकांच्या बिलातून वसूल होतात. म्हणजे भांडवल घालणारा पैसा केवळ आगाऊ घालतो. देतो तो ग्राहकच.

उदाहरणादाखल १०० कोटी रुपयांची वाहिनी घ्या. तिचे भागभांडवल ३० कोटी. आयोगाच्या २०१९ च्या नियमावलीत १४ टक्के मूळ परतावा ठरवला होता; तोच धरला तर वर्षाला ४ कोटी २० लाख रुपये होतात. कर्ज फिटत जाते तसे व्याज घटते. भागभांडवलावरील परतावा मात्र वाहिनी चालू आहे तोवर चालूच राहतो. तिचे आयुष्य ३५ वर्षे धरले, तर ३० कोटींवर १४७ कोटी द्यावे लागतात. हा परतावा महापारेषणकडे गेला, तर तो सार्वजनिक मालमत्तेत जमा होतो आणि त्यातून पुढचे उपकेंद्र उभे राहू शकते. खासगी कंपनीकडे गेला, तर तो तिच्या भागधारकांचा. प्रश्न पैशाच्या टंचाईपेक्षा मालकीचा आहे, तो असा.

दुसरी गोष्ट. राज्यांतर्गत पारेषणाचा मान्य खर्च एकत्र करून तो वितरण कंपन्यांवर त्यांच्या कमाल मागणीच्या प्रमाणात वाटला जातो. तिरोड्याहून कोराडी, अकोला या मार्गाने आपल्या शहराजवळ येणारी ७६५ किलोव्होल्टची वाहिनी अदानी समूहातील कंपनीची आहे. तिच्या खर्चाचा वाटा मुंबईचा ग्राहकही उचलतो, आणि मुंबईतील वाहिन्यांचा वाटा कन्नडचा शेतकरी. ही पद्धत मला तत्त्वतः मान्य आहे. प्रत्येक विभागाने आपापल्या तारांचा खर्च सोसावा असे ठरले असते, तर मराठवाड्याच्या वाट्याला अंधारच अधिक आला असता. परंतु ओझे सर्वांनी वाहायचे असेल, तर लाभही सर्वांचा असला पाहिजे.

वितरणाच्या क्षेत्रात या शहराने एक प्रयोग अनुभवला आहे. मे २०११ मध्ये शहराचे वीजवितरण जी.टी.एल. या खासगी कंपनीकडे सोपवण्यात आले. महावितरणला द्यावयाच्या रकमा थकल्या आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये करार संपवून कारभार महावितरणला परत घ्यावा लागला. वितरण आणि पारेषण यांत फरक आहे, हे खरे. पण खासगी कंपनी अडचणीत आली की जबाबदारी पुन्हा सार्वजनिक संस्थेच्याच गळ्यात पडते, हा धडा दोन्हींना लागू आहे.

स्पर्धात्मक बोलीने दर उतरतो, असे सांगितले जाते. अनेकदा तो उतरतोही. ते नाकारण्याचे कारण नाही. केंद्राच्या मालकीची पॉवरग्रिड अशा बोलींत उतरते आणि जिंकतेही. मग महापारेषणला त्यासाठी लागणारे भागभांडवल राज्याच्या अर्थसंकल्पातून का मिळू नये?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४३ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, विजेची मालकी सरकारी असावी की खासगी, हा प्रश्न त्यांनी धोरणसमितीपुढे ठेवला होता. वीज नुसती स्वस्त नव्हे, तर शक्य तितकी स्वस्त मिळावी, हा त्यांचा आग्रह होता. ज्या शहरात त्यांनी महाविद्यालय उभारले, त्या शहराने तरी हा प्रश्न विसरू नये.

आपल्या मागण्या तीन असाव्यात. पारेषणाच्या विस्तारासाठी राज्याने महापारेषणला भागभांडवल द्यावे. केवळ एखाद्या उद्योगासाठी टाकाव्या लागणाऱ्या वाहिनीचा खर्च त्या उद्योगाने सोसावा. तो सामान्यांच्या बिलात मिसळू नये. आणि प्रत्येक मोठ्या वाहिनीचा खर्च, कर्ज व परतावा यांचा हिशेब सोप्या मराठीत प्रसिद्ध व्हावा.

आयोगाच्या दरविषयक सुनावण्या होतात, तेथे कंपन्यांचे वकील आणि उद्योजकांचे सल्लागार तयारीनिशी येतात. घरगुती ग्राहक आणि शेतकरी यांच्या वतीने बोलणारे थोडे असतात. वीजबिलाविरुद्ध मोर्चा जरूर काढा. पण मोर्चाच्या आधी दरवाढीची याचिका वाचा, लेखी हरकत नोंदवा आणि सुनावणीला उभे राहा. बिल ज्या टेबलावर ठरते, तेथे आपली खुर्ची रिकामी असता कामा नये.