रामलिंगाच्या रानात लागलेला सा



मी चौथी शिकलेला कुणबी गडी. टाळकऱ्यांत उभं राहून अभंग पाठ झाले, पण सूर नव्हता. मोठ्यानं गायलं म्हंजे चांगलं, असं वाटायचं. पंचविशीत एका सप्ताहात गळा बसला, महिनाभर आवाज फुटंना. तवा गुरुजींनी मला येडशीच्या रामलिंगाला नेलं. श्रावण व्हता, ओढा भरून चाललेला. आठ दिवस पेटी नाही, पखवाज नाही, नुसती वीणा. पहाटं ओढ्याकाठी बसून सा लावायचा. वरून वानरं बघायची. तीन दिवस एकही अभंग म्हणू दिला नाही. राग आला व्हता, खोटं कशाला बोलू! चौथ्या दिवशी भूप दिला. त्यात मध्यम अन् निषाद नाहीत, पाचच सूर. म्हनले, "पाण्यावर ओरडू नको, त्याच्या खालून गा. वीणा तुझी तुला ऐकू आली पाहिजे."

त्यानंतर वारीच्या वाटंवर दिवसभर गाऊनही गळा बसला नाही.

आता पोरं मोबाईलवरनं चाली उचलतात. उचलू द्या, आमीही ऐकूनच शिकलो. पण भोंग्यापुढं वीणा कुणालाच ऐकू येत नाही. आपल्या दिंडीत चाल सांगणारे आमी तिघं उरलो, तिघंही साठीच्या पुढं.

येत्या श्रावणात मी रामलिंगाला जाणार हाय. सोमवारी गर्दी असते, मंगळवारी निघू. पोरं-पोरी दोन्ही पाठवा. भाकरी बांधून द्या, मोबाईल घरी ठेवा.