अंगणातली दोन झाडं

आज कोडिंग नाही, झाडांवर बोलतोय.

मी हवाईच्या बिग आयलंडवर, पुना भागात भाड्यानं राहतो. अंगणात दोन झाडं. एक अल्बिझिया, ही जात १९१७ साली बाहेरून आणलेली. वाढते भराभर, पण लाकूड एकदम ठिसूळ. ऑगस्ट २०१४ मध्ये इझेल वादळ आलं, तेव्हा हीच झाडं रस्त्यांवर, विजेच्या तारांवर आडवी झाली. दुसरं ओहिआ. इथलं मूळचं, लाल फुलांचं, थंड झालेल्या लाव्हावर आधी उगवणाऱ्यांपैकी.

मी लक्ष ठेवून होतो अल्बिझियावर. आणि गवत कापताना मशीन लागली ओहिआच्या बुंध्याला! साल निघाली. शेजारचे अंकल (हो, इथेही मोठ्यांना अंकलच म्हणतात) धावत आले. म्हणाले, "अरे, तिथूनच बुरशी आत शिरते!" ती आतून पाण्याची वाट बंद करते, काही आठवड्यांत अख्खं झाड तपकिरी पडतं. उपाय नाही. त्यांनी लगेच जखमेवर लेप लावला, माझी अवजारं सत्तर टक्के अल्कोहोलनं पुसायला लावली. बुटांची मातीसुद्धा.

अल्बिझिया स्वतः तोडायच्या भानगडीत पडू नका. जाणकार माणूस वर चढून तुकड्या-तुकड्यानं उतरवतो, नाहीतर ते ओहिआवरच पडायचं. खर्च मोठा, मालक अजून विचार करतोय. तोवर मी बेड दुसऱ्या खोलीत हलवलाय.

ओहिआ रोज सकाळी बघतो. आज अकरावा दिवस. पानं हिरवी आहेत.